आईच्या हृदयाची झडप बदललेली आहे, आता गुडघा बदलायला सांगताहेत. करावं का? रक्त पातळ करायची गोळी किती दिवस आधी थांबवायची?

करा. पण गोळी किती दिवस आधी थांबवायची हे इथे कोणाला विचारू नका, मलाही नको. ते हृदयाच्या डॉक्टरनी तुमच्या आईचे कागद बघून लिहून द्यायचं असतं.

माझ्या आईला लहानपणी र्‍हुमॅटिक ताप आला होता, त्यात हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप खराब झाली. पुढे मुंबईत धातूची झडप बसवली. रात्री सगळं शांत झालं की शेजारी झोपणाऱ्याला तिची टिकटिक ऐकू येते. तेव्हापासून रोज संध्याकाळी एसिट्रॉम, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, आणि कुडाळला जाऊन आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी. पावसात टाकळा, शेवग्याचा पाला रोज जेवणात येऊ लागला की आयएनआर खाली येतो, म्हणून पालेभाजी बंद नाही, पण बाराही महिने बेताचीच.

साठीनंतर गुडघे गेले. घर उतारावर, खाली विहिरीपर्यंत जांभ्याच्या पायऱ्या. मुंबईच्या दादाचं एकच पालुपद, "हार्टच्या माणसाला सुरीखाली कशाला घालायचं? बसून राहू दे." असं म्हणणाऱ्यांचा मला आजही राग येतो. बसून राहिलं तरी दुखायचं थांबत नाही. ते थांबवायला दादाच डायक्लोफेनॅकच्या स्ट्रिपा पाठवायचा, आणि पातळ रक्तावर ती गोळी म्हणजे पोटात रक्तस्राव ओढवून घेणं. तसंच झालं. शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं, हिमोग्लोबिन 7 वर आलं, रक्त चढवावं लागलं. ऑपरेशन टाळता टाळता आई जायची वेळ आली होती. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "माका माझ्या पायान चलाक व्हया."

पहिल्या हाडांच्या डॉक्टरनी सांगितलं, "पाच दिवस आधी गोळी बंद करून या." झडप कुठली, हे विचारलंच नाही. तो कागद मी हृदयाच्या डॉक्टरना दाखवला, तर ते संतापलेच. मायट्रलच्या जागी धातूची झडप असेल तर नुसती गोळी बंद करून बसता येत नाही. झडपेवर गुठळी धरते, झडप अडकते, नाहीतर गुठळी सुटून मेंदूत जाते. म्हणून गोळी थांबवायची आणि मधल्या दिवसांत पोटात हेपॅरिनची, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी, इंजेक्शनं द्यायची. वॉरफरिन ही अशीच दुसरी गोळी, ती साधारण पाच दिवस आधी थांबवतात. एसिट्रॉमचा असर लवकर उतरतो, तिला त्याहून कमी दिवस. कमरेतून भूल द्यायची तर इंजेक्शनच्या आदल्या मोठ्या डोसला 24 तास उलटून गेलेले लागतात, नाहीतर मणक्याजवळ रक्त साठू शकतं. ऑपरेशननंतर गोळी परत सुरू झाली तरी आयएनआर ठरलेल्या आकड्यावर येईपर्यंत (आईचा 2.5 ते 3.5) इंजेक्शन सोडत नाहीत.

मग आम्ही कोल्हापूरला दुसरे सर्जन गाठले, जिथे हृदयाचे डॉक्टर आणि आयसीयू एकाच इमारतीत होतं. त्यांनी गुडघा बघायच्या आधी आईला पायाची बोटं फाकवायला लावली आणि टॉर्च मारला. लावणीचे दिवस, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, कातडी पांढरी पडून सुटलेली. "हे बरं झाल्याशिवाय मी हात लावणार नाही," म्हणाले. दाताचं एक किडकं मूळही आधी काढायला लावलं, तेही अँटिबायोटिक देऊन. रक्तात शिरलेले जंतू नव्या गुडघ्यावर बसू शकतात आणि झडपेवरही. ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. आता आई काठी घेऊन विहिरीपर्यंत जाते. दादा म्हणतो, नशीब चांगलं. त्याला मी सांगते, दोन डॉक्टर एकमेकांशी बोलले, इंजेक्शनांच्या वेळा मी भिंतीवर लिहून पाळल्या, त्याला नशीब म्हणू नकोस.

हेही सांगायला हवं की आईच्या हृदयाचं पंपिंग चांगलं होतं. महाधमनीची झडप फार अरुंद झालेली असेल आणि ती अजून बदललेली नसेल, तर गोष्ट वेगळी. भुलीने बीपी एकदम पडलं तर असं हृदय ते सावरू शकत नाही, तिथे बहुधा आधी झडप आणि मग गुडघा. प्राण्याच्या ऊतीपासून केलेली झडप असेल तर पुष्कळांना ही गोळी कायमची लागतच नाही. आणि पैशाचं म्हणाल तर 2017 मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातली, बिलात इम्प्लांटची रक्कम वेगळी लिहून मागा.

तुमच्या आईची झडप कुठली, कुठल्या जागची, हे प्रश्नात नाही. व्हॉल्व्हचं कार्ड शोधून काढा, नवा टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) करा, आणि दोन्ही घेऊन आधी हृदयाच्या डॉक्टरकडे जा, मग हाडांच्या. तोवर दुखण्याची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका, घरात कोणीही आग्रह केला तरी.