हँबर्गची एल्बफिलहार्मोनी, ती बंदरावरची संगीतसभागृहाची इमारत, बघायची तर कॉन्सर्टचं तिकीट काढायलाच हवं का, की बाहेरून बघितली तरी पुरे?

काढा. बाहेरून बघितली की झालं असं म्हणणारा एक माणूस माझ्या घरातच आहे, माझा मेव्हणा, त्यामुळे हा प्रश्न बघून गप्प बसवलं नाही.

आम्ही गोव्यातल्या फोंड्याकडचे. गावच्या काल्याच्या नाटकांना मी 40 वर्षं ऑर्गन वाजवतोय, म्हणजे कान बऱ्यापैकी तयार आहे असं मी समजतो, मेव्हणा समजत नाही. दोन वर्षांपूर्वी मुलीकडे हँबर्गला गेलो, मी, बायको आणि हा. मुलीने मोठ्या हॉलची तिकिटं काढून ठेवलेली पण स्वस्तातली, ऑर्केस्ट्राच्या मागची. तिथे स्टेज मधोमध आणि खुर्च्या चहूबाजूंनी वर चढत गेलेल्या, 2,100 माणसं बसतात तरी कंडक्टरपासून, म्हणजे समोर उभं राहून वादकांना हातांनी इशारे करणाऱ्यापासून, कोणीच 30 मीटरच्या पलीकडे नाही. आमच्या वाट्याला वादकांच्या पाठी आणि कंडक्टरचं तोंड. मेव्हणा म्हणाला, "भावजी, पाठी बघायला एवढ्या लांब आलो काय?"

मधे एक संथ भाग आला आणि ओबो, म्हणजे आपल्या सनईच्या नात्यातलंच वाद्य, त्यावर त्या बाईने एक जागा अशी घेतली की माझ्या तोंडून "वा!" गेला. मुद्दाम नाही हो, बैठकीत जातो तसाच गेला. पण त्या हॉलच्या भिंती आणि छताला जिप्सम फायबरची 10,000 पॅनेल लावलीत, प्रत्येकावर वेगळे खळगे कोरलेत, यासुहिसा तोयोता नावाच्या जपानी माणसाने आवाजाचं सगळं गणित मांडलंय, वर आख्खा हॉल स्प्रिंगांवर ठेवलाय म्हणजे बंदरातल्या जहाजांचा भोंगा आत यायला नको. बाहेरचा भोंगा आत येत नाही तसा आतला वा बाहेर जात नाही. तो सगळीकडे पोचला. कंडक्टरने मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं. बायकोने असा चिमटा काढला की वळ दोन दिवस होता.

तेव्हापासून एक मुंज, एक लग्न सोडलेलं नाही त्याने हे सांगितल्याशिवाय. त्याचं म्हणणं, भावजींना रीत कळत नाही. माझं म्हणणं, ती बाई एवढं सुंदर वाजवते आणि दोन हजार माणसं खोकला दाबून ढिम्म बसतात, मग रीत कोणाला कळत नाही ते सांगा.

आमचं भांडण तसं जुनं, पार कला अकादमीपासूनचं. पणजीत कांपालला ती नवीन झाली तेव्हा हा म्हणाला होता, हे काय गोदामासारखं बांधलंय, बसकं! अरे, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी ती बसकी ठेवली म्हणून तर रस्त्यावरून आत शिरल्यावर सरळ पलीकडे मांडवी नदी दिसते. आणि आत दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी भिंतींवर सज्जात बसलेली माणसं रंगवलीत. समोर 60 डोकी असताना ज्याने पेटी वाजवलीय त्याला विचारा त्या रंगवलेल्या माणसांचा आधार काय असतो. आणि गंमत म्हणजे एल्बफिलहार्मोनीचा खालचा भाग खरोखरचंच गोदाम आहे, 1960 च्या दशकातलं, कोकोचं! त्याच्यावर हर्झोग आणि द म्यूरॉन या आर्किटेक्टांनी काच चढवली. 7.7 कोटी युरो म्हणून शहराने सुरू केलेलं काम 86.6 कोटींवर गेलं आणि 2017 च्या जानेवारीत हॉल उघडला, तेव्हा उगाच गोव्यातल्या कामांना हसायला नको. हे सगळं मी मेव्हण्याला फेरीबोटीत सांगितलं. तो म्हणाला, "पण वर काच आहे ना."

बरं, तुमचं काम. लांडुंग्सब्र्युकेनच्या धक्क्यावरून 72 नंबरची फेरी घ्या, आपल्या बेतीच्या फेरीसारखीच वाटेल. 82 मीटरचा बाकदार सरकता जिना आहे, खालून त्याचं वरचं टोक दिसत नाही, तो मात्र बघण्यासारखा. 37 मीटर उंचीवर प्लाझा आहे, तिथे कॉन्सर्टच्या तिकिटाशिवाय जाता येतं, बाहेरच्या गच्चीतून सगळं बंदर दिसतं. पण ते झालं बंदर बघणं. आतल्या ऑर्गनचे 4,765 पाइप आहेत आणि त्यातल्या काहींना लोकांनी हात लावावा म्हणून मुद्दाम लेप दिलाय. मी लावला. प्लाझावर उभं राहून तो लागत नाही.

एक राहिलंच, गाण्याचा कार्यक्रम असेल तर आमच्यासारखी मागची खुर्ची घेऊ नका, गायकाचा आवाज पुढे जातो. 2019 मध्ये योनास काउफमान हा ऑपेरा गायक गात असताना मागचे लोक ऐकू येत नाही म्हणून ओरडले होते. आणि प्लाझाचे दर, वेळा बदलत असतात, साइट बघूनच जा.

आम्ही डिसेंबरात परत जातोय. हॉलची दोनच तिकिटं काढलीत. मेव्हण्यासाठी प्लाझा.