लिव्हरमधलं एंझाइम वाढवून कोलेस्टेरॉल उतरतं का?

वडिलांचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाढलंय आणि कुणीतरी ‘पित्त बनवणारं एंझाइम जागं करणारा’ काढा सुचवलाय; तो द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकला बरीच वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवली. डॉक्टर नाही, म्हणून औषधाचं त्यांनाच विचारा. एंझाइमचं तेवढं सांगते.

आपण ‘पित्त झालं’ म्हणतो ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं. हे पित्त वेगळं, लिव्हरमध्ये बनून पित्ताशयात साठणारं. रविवारी मिसळीचा बेत झाला की तर्रीचं पातेलं नुसत्या पाण्याने निघतं का? साबण लागतो. आतड्यात तेच काम पित्ताम्लं करतात, आणि ती लिव्हर कोलेस्टेरॉलपासूनच बनवतं. त्यातली पहिली पायरी कोलेस्टेरॉल ७-अल्फा-हायड्रॉक्सिलेज, म्हणजे सीवायपी७ए१ या एंझाइमची. पित्ताम्लं बनण्याच्या मुख्य मार्गाचा वेग तेच ठरवतं. दिवसाला साधारण अर्धा ग्रॅम कोलेस्टेरॉल असं खर्ची पडतं.

गोम पुढेच आहे. आतड्यात उतरलेल्या पित्ताम्लांपैकी सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून शोषली जाऊन पुन्हा लिव्हरमध्ये येतात. जुनाच माल परत आला तर नवा कशाला बनवायचा? शिवाय आतडं एफजीएफ१९ नावाचं हार्मोन पाठवून एंझाइमला लगाम घालतं. म्हणून औषधशास्त्राने एंझाइमला डिवचण्यापेक्षा परतीची वाट अडवली. कोलेस्टिरामिनची पावडर पित्ताम्लं धरून शौचावाटे बाहेर नेते. इसबगोल आणि ओट्समधला विरघळणारा तंतूही थोडंफार तेच करतो. तुटवडा पडला की एंझाइम आपोआप वाढतं, आणि कोलेस्टेरॉल कमी पडू लागल्याने लिव्हर आपल्या पेशींवर एलडीएल रिसेप्टर, म्हणजे एलडीएल पकडणारी प्रथिनं वाढवून ते रक्तातून ओढून घेतं. (कोलेस्टेरॉलच्या याच नियमनावरच्या शोधाला ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५चं नोबेल मिळालं.) स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलवरची नेहमीची औषधं लिव्हरमधलं कोलेस्टेरॉलचं उत्पादन अडवतात, पण रिसेप्टर त्यांनीही वाढतात.

‘प्रयोगाने सिद्ध’ असं काढ्याच्या बाटलीवर असेल तर प्रयोग कुणावर, एवढं विचारा. उंदरांना जास्त कोलेस्टेरॉल खाऊ घातलं की हे एंझाइम वाढतं. माणसात तसं होत नाही.

काढ्यापायी वडिलांची चालू गोळी मात्र बंद करू नका. इसबगोल द्यायचं ठरलं तर भरपूर पाण्यासोबत, आणि इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवून.