एकाच कापडातली सॅश फिकट का दिसते, आणि टब आधी खाली का ठेवावा

भाऊ, तुमची पोस्ट वाचून आधी हसू आलं, मग पोटात गोळा आला. अल्टिमा ऑनलाइन या संगणक खेळात तुमच्याकडे गिल्डच्या, म्हणजे खेळाडूंच्या गटाच्या, बारा जणांची ऑर्डर आहे. बल्क ऑर्डर (खेळातली घाऊक शिवणकामाची मागणी) पुरी केल्यावर मिळणाऱ्या बक्षिसातलं खास कापड तुमच्याकडे दिलंय, रोब आणि सॅश त्यातूनच शिवल्या, तरी सॅश फिकट दिसते म्हणून गिल्डमास्टर कुरकुर करतोय. वर चार रोबचं कापड कमी पडलं, म्हणून तुम्ही साध्या कापडाला रंगाच्या टबातून 'तसाच' रंग देऊन बघताय. ही शेवटची ओळ वाचली आणि जेवण सोडून लिहायला बसलो. टब आधी खाली ठेवा. उरलेलं खास कापड बँकेत टाकून या, मग पुढचं वाचा.

कापूस, चरखा, माग, कात्री हे सगळं तुम्हाला येतच असणार, त्यात वेळ घालवत नाही.

सॅशचं आधी सांगतो. तुमची काही चूक झालेली नाही. या खेळात ह्यू (रंगाचा नंबर) म्हणजे एकच सपाट रंग नसतो, गडदपासून उजळापर्यंतच्या 32 छटांची ती पट्टी असते. वस्तूचं मूळ चित्र राखाडी असतं आणि त्यातला राखाडी जितका उजळ, तितकी पट्टीतली उजळ छटा त्याला मिळते. सॅशचं चित्रच उजळ असेल तर त्याच ह्यूत ती फिकट दिसणारच. आमचं नागपुरात महाल भागात शिलाईचं दुकान होतं. लहानपणी आई ब्लाउजपीसची चिंधी देऊन सीताबर्डीच्या मॅचिंग सेंटरमध्ये पाठवायची. तिथले काका रीळ कधी नुसतं कापडाशेजारी धरत नसत. दोऱ्याची एक तार ओढून कापडावर आडवी टाकायचे आणि दुकानाची पायरी उतरून उन्हात जाऊन बघायचे. रिळावर दोरा गडद दिसतो, शिवला की उजळ पडतो, म्हणून ते नेहमी एक छटा गडद काढून द्यायचे. वस्तू वेगळी असली की नंबर जुळवून भागत नाही, नजर जुळवावी लागते. गिल्डमास्टरला हवं तर दोन सॅश साध्या कापडाच्या शिवून दाखवा, रंगाच्या खिडकीतली सरकपट्टी एक खूण गडद करून. माझं मत विचाराल तर सॅश मुद्दाम वेगळ्या रंगाचीच ठेवावी. जुळता जुळता राहिलेला रंग चुकल्यासारखा दिसतो, वेगळा रंग ठरवून केल्यासारखा.

तुलना कुठे करता तेही महत्त्वाचं. खेळात रात्र असेल किंवा तुम्ही गुहेत असाल तर अंगावरचे कपडे काळवंडलेले दिसतात. पेपरडॉलवर, म्हणजे पात्राचे कपडे दाखवणाऱ्या खिडकीत, मात्र उजेडाचा परिणाम होत नाही. म्हणून पेपरडॉल उघडून बघा, आपलं ऊन तेच.

आता टबाचं. साध्या टबातून जे रंग निघतात त्यांचे ह्यू 2 ते 1001. खिडकीत वीस आडवी आणि दहा उभी घरं, म्हणजे दोनशे, त्यावर सरकपट्टीच्या पाच खुणा, असे एकूण हजार. बक्षिसातल्या कापडाचे ह्यू या हजाराच्या बाहेरचे असतात. म्हणजे तुम्ही रात्रभर टब घुसळलात तरी तो रंग निघणार नाही, फक्त जवळपासचा निघेल. आणि खरा धोका त्या जवळपासच्या रंगातच आहे, हे मी स्वतःच्या खर्चाने शिकलो.

2019 चा मे महिना. पारा 45 च्या वर, कूलर रात्रभर घरघरत होता आणि मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडून स्क्रीन एकदा मिचकायची. माझी ऑर्डर तीस रोबची. एका रोबला 16 कापड, म्हणजे 480. सॅशला 4 प्रमाणे 120. एकूण 600, म्हणजे बारा तागे. हिशोब चोख होता. पण शिवण फसली की कापड वाया जातं, हे मी हिशोबात धरलंच नव्हतं. गिल्डने आठ महिने ऑर्डरी पुऱ्या करून जमवलेलं कापड होतं ते. अठरा रोब झाले तेव्हा बॅगेत दोनशेच्या आसपास उरलं होतं आणि ते पुरणार नाही हे उघड होतं. गिल्डला सांगायची लाज वाटली. म्हटलं, शेवटचे काही रोब साध्या कापडातून काढू, मागच्या रांगेत कोण बघतंय?

मग सुरू झाला टबाचा खेळ. साध्या कापडाची चळत घ्यायची, रंग द्यायचा, खास कापडाशेजारी ठेवायची, बघायचं, सरकपट्टी हलवायची, पुन्हा रंग द्यायचा. रात्रीचे दोन वाजलेले. डोळे दुखतात म्हणून स्क्रीनला पिवळा फिल्टर लावलेला. आणि साधारण तिसाव्या प्रयत्नाला जमलं की हो! इतकं जमलं की दोन्ही चळती बॅगेत शेजारी शेजारी होत्या आणि कुठली कुठली ते ओळखू येईना. मी खूश. म्हटलं, आणखी एकच खूण गडद करून बघू. टबावर डबल क्लिक, बाणाचं टार्गेट झालं, चळतीवर क्लिक.

चुकीच्या चळतीवर.

'खरंच रंगवायचं का' असं विचारणारी खिडकी नाही, मागे घ्यायचं बटण नाही. रंगवली की पूर्ण चळत एकाच वेळी रंगते. लक्षातही लगेच आलं नाही, कारण दोन्ही जवळपास सारख्याच दिसत होत्या! कळलं ते वेगळ्याच मार्गाने. उरलेलं साधं कापडही रंगवून घेतलं, तर दोन्ही चळती एकमेकींवर टाकताच जुळून एक झाल्या. ह्यू तोच असल्याशिवाय कापड कधी एकत्र होत नाही. बॅगेत एकच मोठी चळत, आणि आठ महिन्यांचं कापड शून्य. कितीतरी वेळ मी भैताडासारखा त्या आकड्याकडे बघत बसलो होतो.

तो एक फुकटचा शार्ड (खेळाचा सर्व्हर) होता, नाव घेत नाही, कुणाशी भांडण नाही. जीएमला, म्हणजे शार्ड सांभाळणाऱ्याला, मदतीचा निरोप धाडला. तीन दिवस काही उत्तर नाही. चौथ्या दिवशी निरोप आला, घटनेच्या आधीचा स्क्रीनशॉट जोडा. आता मला सांगा, चूक होणार आहे म्हणून आधीच फोटो काढून ठेवणारा माणूस चूक करेल कशाला? मी अठरा तयार रोबांचा फोटो पाठवला, कापड होतं याचा तोच पुरावा. त्यावर 'हा बग नाही, विनंती बंद करण्यात येत आहे' एवढंच. बग नाही हे मलाही मान्य होतं, मी बग म्हटलंच नव्हतं. मी फक्त विचारलं होतं की लॉगमध्ये जुना ह्यू दिसत असेल तर परत करता येईल का. 'नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण वाचलंच नाही, याचा राग अजून आहे. असो. तुमच्या शार्डवरची माणसं बरी असतील, पण त्यांच्या भरवशावर टब उचलू नका.

आता तुमच्यापुरतं. चार रोब कमी पडतायत ते गिल्डमास्टरला आजच सांगा. सांगायला लाज वाटत असेल तर माझी ही गोष्ट पाठवा. त्या चौघांना साध्या कापडाचे, उघड वेगळ्या रंगाचे रोब द्या, 'रक्षक' म्हणा, 'पुजारी' म्हणा, काहीही नाव द्या. खास कापड आणि टब एकाच बॅगेत कधी ठेवायचं नाही. खास कापड शिवताना बॅकपॅकमध्ये दुसऱ्या रंगाचं कापडही नको, नाहीतर मेनू कुठलं उचलेल याची खात्री नाही. आणि दर ऑर्डरीची एक चिंधी, म्हणजे दोनतीन कापड, बँकेत ठेवत जा. पुढे कुणी 'तोच रंग' म्हणून आला की त्यावर नवीन कापड टाकून बघायचं. एकत्र झालं तर तोच.

साध्या रंगांसाठी खिडकीतलं घर कागदावर लिहून ठेवा. मी वहीत 'आडवं 13, उभं 4, पट्टी 2' असं लिहितो. काही क्लायंटमध्ये (खेळ चालवायच्या प्रोग्राममध्ये) वस्तूवर टार्गेट करून ह्यू नंबरच दिसतो, पण तुमच्या शार्डवर तो क्लायंट चालतो का ते आधी वाचा, उगाच बॅन होऊन माझ्या नावाने बोंब नको. आणि साध्या कापडाचे शिवलेले कपडे चुकले तर उसवायची गरज नाही, तयार कपड्यावरही टब चालतो. चामड्यावर मात्र साधा टब चालत नाही, त्याचा टब वेगळा.

हे सगळं माझ्या अनुभवाचं. तुमच्या शार्डने नियम बदलले असतील तर दोनचार गोष्टी वेगळ्या निघतील, म्हणून आधी एका तुकड्यावर करून बघा. सॅशसाठी रोबच्या रंगाच्या जवळचं कुठलं घर निवडलंत ते इथे लिहा, मी माझ्याकडे पेपरडॉलवर चढवून सांगतो. पण दिवसा. रात्री बारानंतर रंग बघायचं मी सोडलंय.