शेरशाह सूरीवर भारत सरकारने १९७० साली टपाल तिकीट का काढले?

आजोबांच्या वहीत शेरशाह सूरीचे वीस पैशांचे तिकीट सापडले. जेमतेम पाच वर्षे दिल्लीवर राज्य केलेल्या या अफगाण बादशहावर टपाल खात्याने तिकीट का काढले आणि त्याला आज किंमत येईल का, असे आपण विचारले आहे.

किमतीचा भाग आधी उरकतो. त्या काळी साध्या पत्राचा देशांतर्गत दर वीस पैसेच होता, त्यामुळे नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली अशी स्मारक तिकिटे रोजच्या पत्रांवर भरपूर चिकटवली गेली आणि संग्राहकांकडे ती आजही सहज मिळतात. शिक्का मारलेल्या सुट्या तिकिटाला फारसे मोल नाही. पहिल्या दिवसाच्या शिक्क्याचे मूळ पाकीट सोबत असेल तर मात्र ते जपून ठेवावे. सुमारे साडेअकरा ग्रॅम चांदीचा रुपया ज्याने पाडला, त्याच्या तिकिटाची दर्शनी किंमत रुपयाचा पाचवा हिस्सा असावी, ही गंमत वेगळीच.

तिकीट निघाले २२ मे १९७० रोजी. कालिंजरच्या किल्ल्याला वेढा घातला असताना दारूगोळ्याच्या स्फोटात होरपळून शेरशाहचा मृत्यू झाला तो २२ मे १५४५ रोजी, म्हणजे औचित्य ४२५व्या स्मृतिदिनाचे होते. पण तारीख जुळली म्हणून प्रत्येक राजाच्या वाट्याला तिकीट येत नाही. माझ्या मते मध्ययुगीन राज्यकर्त्यांपैकी टपाल खात्याने ज्यांची आठवण ठेवावी, त्यांत शेरशाहचा हक्क मोठा आहे. अकबराच्या काळात अब्बास खान सरवानी याने लिहिलेल्या इतिहासानुसार, बंगालमधील सोनारगावपासून सिंधू नदीपर्यंतच्या रस्त्यावर शेरशाहने दर दोन कोसांवर सराई बांधली होती. तेथे हिंदू आणि मुसलमान प्रवाशांच्या जेवणाखाण्याची वेगवेगळी सोय होती, आणि प्रत्येक सराईत बातमी पुढे नेण्यासाठी दोन घोडे तयार ठेवलेले असत. प्रवाशाची सराई आणि सरकारी डाकचौकी एकाच आवारात आणल्यामुळे दूरच्या परगण्यातील खबर बादशहापर्यंत लवकर पोहोचे, आणि चौसा (१५३९) व कनौज (१५४०) येथे हुमायूनला हरवून मिळवलेले विस्तीर्ण राज्य ताब्यात ठेवणे सोपे जाई.

तरीही भारतातील टपालाचा जनक म्हणून त्याचे नाव सरसकट घेतले जाते ते मला पटत नाही. त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधी, मुहम्मद तुघलकाच्या काळात, मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने घोडेस्वार आणि पायी धावणारे जासूद अशा दोन्ही प्रकारच्या डाकेचे सविस्तर वर्णन केले आहे. सिंध ते दिल्ली हा पन्नास दिवसांचा प्रवास असताना तेथील खबऱ्यांची पत्रे पाच दिवसांत सुलतानाला मिळत, आणि सुलतान आपल्या देवगिरी-दौलताबादला असताना गंगेचे पाणीसुद्धा याच वाटेने येई, असे तो लिहितो. रस्ताही शेरशाहने नव्याने आखलेला नव्हता. गंगेच्या खोऱ्यातून वायव्येकडे जाणारा मार्ग मौर्यकाळापासून वाहता होता. जुनी व्यवस्था मोडकळीला आली असताना ती अवघ्या पाच वर्षांत पुन्हा उभी करणे, हे त्याचे खरे कर्तृत्व आणि तेही थोडेथोडके नाही.

त्या चौक्यांवरून मुख्यतः दरबाराचे कागद आणि बातम्या जात. पैसे भरून कोणालाही पत्र पाठवता येण्याची सोय कंपनी सरकारने १७७४ साली सुरू केली, आणि साऱ्या देशात चालणारे तिकीट १८५४ साली आले.