‘फ्लॅग्रंट फाउल’ला ‘धडधडीत’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या नियमांतल्या ‘फ्लॅग्रंट फाउल’ला मराठीत ‘धडधडीत फाउल’ म्हणावं का? आणि त्याच्या व्याख्येतल्या ‘अनेसेसरी’ आणि ‘एक्सेसिव्ह’ या दोन्हींना ‘अवाजवी’ हा एकच शब्द चालेल का?

‘धडधडीत’ मला मनापासून आवडला. ‘फ्लॅग्रंट’च्या मुळाशी ‘जळणे’ या अर्थाचं लॅटिन क्रियापद आहे, आणि आपल्याकडेही आग धडधडून पेटते, माणूस धडधडीत खोटं बोलतो. अशी जोडी क्वचितच जुळते. तरी नियमासाठी तो नको. धडधडीत म्हणजे उघड दिसणारं. सामना संपत आला की पिछाडीवरचा संघ घड्याळ थांबवायला मुद्दाम फाउल करतो. तो साऱ्या मैदानाला दिसतो, पण एरवी साधाच धरला जातो. ‘हेतुपुरस्सर’ही इथेच बाद होतो.

नियमाची कसोटी वेगळी आहे. अंगाला अनावश्यक धक्का दिला तर फ्लॅग्रंट १; तोच शिवाय प्रमाणाबाहेरचाही असेल तर फ्लॅग्रंट २, म्हणजे खेळाडू थेट बाहेर. पहिल्यात गरज बघायची, दुसऱ्यात जोरही. ‘अवाजवी’ची अडचण इथे येते. अरबी ‘वाजिब’वरून आलेल्या ‘वाजवी’ला आपण संस्कृत ‘अ’ जोडला (मला हा मिलाफ फार गोड वाटतो). पण अवाजवी मागणी मुळातच गैर असते, तर अवाजवी भाव नुसता जास्त असतो. गैर आणि जास्त, दोन्ही त्या एका शब्दात राहतात. तो दोन्हीकडे लिहिला तर १ आणि २ मध्ये फरकच उरत नाही.

तो फरक आधीच पुसट आहे. लेअपला, म्हणजे बास्केटजवळून बॉल टाकायला, उडालेल्या खेळाडूच्या हातावर मागून फटका बसतो. पंच रिप्ले बघतात: मारणाऱ्याने हात आधी मागे नेला होता का? फटक्यानंतरही रेटला का? बॉल खेळायचा खरा प्रयत्न होता का? पट्टी लावून मोजता येईल असं यात काहीच नाही. २०१६च्या फायनलमध्ये चौथ्या सामन्यात वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीनचा हात प्रतिस्पर्धी लेब्रॉन जेम्सला लागला. लीगने तो धक्का नंतर ‘अनावश्यक’ ठरवला, फ्लॅग्रंट १ दिला. ग्रीनच्या नावावर प्लेऑफमधला (बाद फेऱ्यांमधला) फ्लॅग्रंटचा चौथा दंडगुण चढला, म्हणून पाचव्या सामन्याला तो मुकला. तेव्हा ३-१ ने पुढे असलेले वॉरियर्स मालिका ३-४ अशी हरले.

म्हणून मी ‘अनावश्यक’ आणि ‘प्रमाणाबाहेर’ असे दोन वेगळे शब्द ठेवीन, आणि ‘फ्लॅग्रंट’ तसाच राहू देईन. आपल्याकडचे सामने फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनी होतात. तिथे ‘अनस्पोर्ट्समनलाइक फाउल’ असतो, आणि त्याला ‘अखिलाडू फाउल’ हा शब्द चपखल बसतो.