वाचकांचे प्रश्न : दुर्गाबाई खरोखर ‘पहिल्या’ होत्या का?

प्रश्न : दुर्गा खोटे यांचा उल्लेख ‘चित्रपटात आलेली पहिली कुलीन स्त्री’ असा सर्रास केला जातो. हे कितपत खरे आहे? – एक वाचक, सातारा

उत्तर : शब्दशः पाहिले तर खरे नाही. दादासाहेब फाळके यांच्या 1913 च्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती आणि त्यांची कन्या कमलाबाई, म्हणजेच पुढच्या कमलाबाई गोखले, मोहिनी झाल्या होत्या. त्यांचा मान कोणी हिरावून घेऊ नये. मात्र मायलेकी नाटकमंडळीतून आल्या होत्या. दुर्गा खोटे आल्या त्या मुंबईतील सॉलिसिटर लाड यांच्या घरातून, सेंट झेव्हियर्समध्ये शिकून आणि खोट्यांसारख्या संपन्न सासरातून. सासरची आर्थिक घडी विसकटली आणि दोन मुलांची जबाबदारी समोर उभी राहिली, तेव्हा त्यांनी 1931 मध्ये ‘फरेबी जाल’ या चित्रपटात एक छोटी भूमिका स्वीकारली. चित्रपट सुमार निघाला, शिवाय जाहिरातींत दोन्ही घराण्यांच्या नावांचे भांडवल केले गेल्यामुळे बोलणी खावी लागली ती दुर्गा खोटे यांनाच.

त्यांना सावरले ते ‘प्रभात’ फिल्म कंपनीने. 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’त व्ही. शांताराम यांनी त्यांना तारामती दिली. पार्श्वगायनाची सोय अद्याप आलेली नव्हती, त्यामुळे कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करताच गावे लागे. त्यातच चित्रपट मराठी आणि हिंदी असा दोन भाषांत घडत होता. समोर हरिश्चंद्र म्हणून गोविंदराव टेंबे यांच्यासारखा कसलेला गायक, आणि आपण जवळजवळ नवख्या! तरीही त्यांची तारामती लोकांनी उचलून धरली.

आमच्या मते त्यांचे खरे वेगळेपण ‘कुलीन’ या विशेषणात नाहीच. नट-नट्या एकाच कंपनीच्या पगारी नोकर असण्याच्या त्या काळात दुर्गाबाई कोणा एका कंपनीच्या दावणीला बांधून राहिल्या नाहीत. त्या कोलकात्याला गेल्या, तेथे देवकी बोस यांच्याकडे ‘राजरानी मीरा’ आणि ‘सीता’ केले, आणि 1936 मध्ये ‘अमर ज्योती’साठी पुन्हा ‘प्रभात’मध्ये आल्या. त्यातील सौदामिनीला कायदा तिच्या मुलाचा ताबा नाकारतो, म्हणून ती समुद्रावरची लुटारू बनते. तारामतीनंतर अवघ्या चार वर्षांत ही भूमिका करणे हे धाडसच होते.

प्रश्न : त्या पुढे केवळ आईच्या भूमिकांत का अडकल्या? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ‘अडकल्या’ हा शब्द आम्हांला पटत नाही. 1941 च्या ‘पायाची दासी’त त्या खाष्ट सासू झाल्या तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठलेली नव्हती, आणि लगेच पुढच्या वर्षी ‘भरत मिलाप’मध्ये त्यांनी कैकेयी रंगवली. ‘मुगल-ए-आझम’मधली जोधाबाई तर आईइतकीच पत्नीही आहे, आणि तिची सारी घालमेल या दोन नात्यांच्या कात्रीत आहे. तेथे अकबर झालेले पृथ्वीराज कपूर म्हणजे कोलकात्याच्या ‘सीता’तले त्यांचे राम! 1974 च्या ‘बिदाई’तील आईसाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, तर 1983 चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना देण्यात आला. शिवाय पडद्यामागचे काम चालूच होते. 1988 मध्ये दूरदर्शनवर घरोघरी पाहिली गेलेली ‘वागळे की दुनिया’ ही मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची होती.