उडी ३५ वरून ३१ वर आली, सराव कमी करू का?

प्रश्न: मी अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत मुलींची कबड्डी टीम बघतो. दर सोमवारी साध्या व्हिडिओवरून ॲपमध्ये प्रत्येकीची उभी उडी मोजतो आणि त्यावर आठवड्याचे स्क्वॉट (वजन घेऊन मारायच्या बैठका) ठरवतो. गेल्या सोमवारी आमची मेन रेडर ३५ वरून एकदम ३१ सेंमीवर आली, दमली असेल म्हणून मी तिचे स्क्वॉट बंद केले, तर गुरुवारी परत ३५! आता या टेस्टवर भरवसा ठेवायचा का नाही?

उत्तर: सर, ठेवा, पण तुमचे आकडे वाचल्या वाचल्या मला आधी कॅमेऱ्याचाच संशय आला. ॲप उडी मोजत नाही, पोरगी हवेत किती वेळ होती ते मोजतं आणि त्यावरून उंची काढतं. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा, म्हणजे ३० चित्रांचा असतो, त्यात १५ फ्रेम हवेत म्हणजे ३१ सेंमी आणि १६ फ्रेम म्हणजे ३५, मधलं काही येऊच शकत नाही. म्हणजे तुमची रेडर जी ४ सेंमी 'पडली' ती एक फ्रेम आहे हो, पाय सुटल्याची फ्रेम तुम्ही एक पुढची धरली की झालं! तेच २४० फ्रेमचं स्लो-मोशन लावलं तर एका फ्रेमची चूक अर्ध्या सेंमीवर येते.

दुसरं म्हणजे ती खाली कशी येते ते बघा. गुडघे दुमडून उतरली की पाय उशिरा टेकतात आणि उडी फुकट वाढते. हात कमरेवर ठेवायला लावा, हात फिरवले की आकडा वेगळाच येतो. वॉर्मअप तोच, वेळ तीच, कारण सकाळच्या थंड अंगापेक्षा संध्याकाळी उडी जास्त भरते आणि आपल्याकडे मे महिन्यात तर सकाळ-दुपारची तुलनाच करू नये.

मी स्वतः यात तोंडावर पडलोय. तेव्हा भिंतीवर खडू लावून मोजायचो, उभ्याने हात वर करून एक खूण आणि उडी मारून दुसरी. एका पोराचा खांदा पहिल्या खुणेला नीट ताणलेलाच नव्हता, दोन खुणांतलं अंतर वाढलं, मी खूश होऊन त्याचं स्क्वॉटचं वजन वाढवलं आणि आठवडाभरात त्याचा गुडघा दुखायला लागला. अजून वाईट वाटतं त्याचं.

म्हणून आधी एक काम करा, पोरी ताज्यातवान्या असतील असे दोन-तीन दिवस निवडा, रोज प्रत्येकीच्या तीन उड्या घ्या आणि सरासरी लिहून ठेवा. काही न बदलता प्रत्येकीचा आकडा जेवढा खालीवर होतो तेवढा तिचा नेहमीचा हेलकावा, त्याच्या आत काहीही आलं तरी सराव बदलायचा नाही.

आणि उडी म्हणजे ताकद नव्हे. पोरीच्या अंगाचं वजन दोन किलोने वाढलं आणि उडी तेवढीच राहिली तर तिचा जोर वाढलाय, तुमच्या वहीत मात्र 'बदल नाही' असंच दिसेल. उलट दमलेली पोरगी जास्त खाली बसून, सावकाश जोर लावून तेवढीच उडी काढून दाखवते. स्क्वॉटला किती वजन लावायचं ते स्क्वॉटवरूनच ठरवा, उडी जोडीला ठेवा, आणि झोप झाली का, पाय जड वाटतात का, हे रोज विचारा.

रेडरचे स्क्वॉट उद्यापासून सुरू करा, बंद व्हायच्या आधी जे वजन होतं तेच लावून.